केलडी, थ्रिप्स आणि मुंबईचा फोन

मार्चमध्ये मुंबईहून फोन आला, की पहिला प्रश्न माकडांचा. "अगं, केलडी किती येतात? राखणदार झोपत नाही ना?" मग वाशीचा भाव, मग मजुरी, आणि फोन ठेवता ठेवता, "बाकी औषधंबिषधं चालू आहेत ना?" त्या औषधंबिषधंमध्ये माझं निम्मं वर्ष जातं.

देवगड तालुक्यात कातळावरच्या काही बागा मी बघते. मालक मुंबईला, ठाण्याला, एक पुण्याला. त्यांतले दोघे सासरकडचे, म्हणून फोनवर 'अगं'. कृषी पदविका झाल्यावर काही वर्षं मी औषधांच्या दुकानात काउंटरला उभी होते. कुठली बाटली कशावर हे हिला कळतं, असं धरून लोकांनी बागा हाती दिल्या. पालवी फुटल्यापासून शेवटची पेटी गाडीत चढेपर्यंत सगळं माझ्याकडे. मे महिन्यात मालक कुटुंबासह येतात, अढीतले आंबे खातात, कलमांखाली फोटो काढतात आणि जाताना माकडांवर एक भाषण देऊन जातात.

भाषणाबद्दल माझी तक्रार नाही. माकडं नुकसान करतात, आणि ते थोडं नसतं. पण हिशोबाची वही मी लिहिते, त्यामुळे एक गोष्ट दरवर्षी दिसते. माणूस चोराचा आकार बघून चिडतो, चोरी किती झाली ते बघून नाही.

पुस्तकातला वसंत चैत्रात येतो. हापूसचं तसं नाही. थंडी पडली की मोहोर येतो, आणि थंडी लांबली की कणी धरलेल्या कलमावर पुन्हा मोहोर येतो. या पुनर्मोहोराच्या नादात झाड आधीची फळं टाकून देतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी एकाच कलमावर अंड्याएवढा आंबा असतो, सुपारीएवढा असतो, वाटाण्याएवढी कणी असते आणि शेंड्यावर ताजा मोहोरही असतो. ज्याला जे आवडतं ते सगळं एकाच पंगतीत वाढलेलं. मग रस पिणारे, साल खरवडणारे, मोहोर ओरबाडणारे, फळ तोडणारे असे सगळे एकाच वेळी येतात.

सर्वांत आधी तुडतुडा. दिसायला गव्हाच्या दाण्याहून लहान, पाचरीच्या आकाराचा, करडा. मोहोर नसतो तेव्हा खोडाच्या सालीच्या भेगांत दडून राहतो. कोवळी पालवी आली की अंडी घालायला शेंड्यावर चढतो, आणि मोहोरात त्याची पिल्लं रस शोषत बसतात. भरपूर तुडतुडा असलेल्या कलमाची फांदी हलवली, की शेकडो किडे एकदम उडून पानांवर आपटतात आणि भुरभुर पावसासारखा आवाज होतो. आमच्याकडे कामाला येणारी एक वयस्क बाई आहे, सगळे तिला काकी म्हणतात. मी या कामात नवीन होते तेव्हा त्या आवाजाला थबकून वर बघायला लागले, तर काकी म्हणाली, "पाऊस न्हय तो बाय, पैसे गळतत."

तुडतुड्याची दुसरी खूण पायाखाली. तो जेवढा रस पितो त्यातला बराचसा गोड चिकट पाण्यासारखा खाली सोडतो. झाडाखालची वाळकी पानं चपलेला चिकटायला लागली, की वर बघायचीही गरज नसते. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते, पानं काजळल्यासारखी होतात आणि फळावरही डाग पडतात. ढगाळ हवा आणि सावली त्याला मानवते. म्हणून जुन्या, आतून गच्च झालेल्या कलमाची मधली फांदी काढून पोटात ऊन पाडायचं, असं दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे लोक कायम सांगतात. मालकाला मात्र ती फांदी कापलेली बघवत नाही. आजोबांनी लावलेलं कलम, त्याला करवत लावायची म्हणजे काय! फवारणीची बिलं तो न कुरकुरता भरतो, पण करवतीला नाही म्हणतो.

थ्रिप्सची गोष्ट त्याहून अवघड. मराठीत फुलकिडे, पण बागेत तो शब्द कोणी वापरत नाही. हा एवढा बारीक, की मोहोराची काडी पांढऱ्या कागदावर झटकायची आणि कागद उन्हात धरायचा. पिवळसर ठिपके चालायला लागले की समजायचं. मोहोरात शिरून तो फुलं खरवडतो, नंतर कणीची साल. फळ मोठं होत जातं तशी ती जखमही पसरत जाते, आणि एप्रिलमध्ये आंब्यावर खपलीसारखा तपकिरी पट्टा दिसतो. आत गर उत्तम असतो. पण पेटीत असा आंबा दिसला की दलाल पेटी बाजूला सरकवतो, आणि तोच आंबा कॅनिंगवाल्याकडे किलोच्या भावाने जातो. माकडाने तोडलेला आंबा खाली पडलेला दिसतो, मोजता येतो. थ्रिप्सने खाल्लेला आंबा झाडावर लटकतच राहतो, तोडणीची मजुरीही खातो आणि मग कवडीमोलाने जातो.

पूर्वी तुडतुडा हाच मोठा शत्रू होता. थ्रिप्स असायचा, पण मागच्या बाकावर. त्याला पुढे आणण्यात आमच्या पंपांचाही हात आहे असं माझं मत झालंय. तुडतुड्यावर स्वस्तातली, झटकन मारणारी औषधं वर्षानुवर्षं मारत गेलं, की त्यांत थ्रिप्सला खाणारे कोळी, ढालकिडे आणि बारीक माशाही जातात. थ्रिप्सची पिढी मात्र दोन-तीन आठवड्यांत बदलते, आणि त्याच औषधाने न मरणाऱ्यांची पिलावळ वाढते. मग दुकानदार नवी बाटली दाखवतो. मी काउंटरच्या त्या बाजूला उभी राहिलेली आहे, त्यामुळे नवी बाटली कशी दाखवतात ते मला ठाऊक आहे.

आणि इथे एक पेच आहे, जो कुठल्याच माहितीपत्रकात मी वाचलेला नाही. आंब्याच्या मोहोरावर मधमाशी येते, पण खरं काम करतात माशा. साध्या, कोणाला न आवडणाऱ्या, हिरव्या-निळ्या चकाकत्या माशा. हापूसच्या मोहोरात हजारो फुलं असतात, त्यांत फळ धरू शकणारी थोडी, आणि तीही स्वतःच्याच परागावर नीट धरत नाहीत. दुसऱ्या जातीचा पराग कोणीतरी आणावा लागतो. ऊन तापायला लागलं की मोहोर या माशांनी नुसता गुणगुणत असतो. पण किनाऱ्यावर दुपारपासून वारा सुटतो, आणि वाऱ्यात फवारा कलमावर कमी, फवारणाऱ्याच्या तोंडावर जास्त येतो. शांत हवा असते ती सकाळची. म्हणजे फवारणीला सोयीची वेळ आणि माशांची वेळ एकच. मी गड्यांना पहाटे बोलावते, मोहोरावर ऊन येईपर्यंत पंप बंद करायचा असं ठरवते. ते नेहमी जमत नाही. टँकरचं पाणी उशिरा येतं, पाइप फाटतो, एखाद्याच्या घरी रात्री शिमग्याची पालखी नाचलेली असते आणि माणूस डोळे चोळत नऊला उगवतो. अशा दिवशी फुललेली कलमं सोडून कणी धरलेली घ्यायची, एवढंच हातात राहतं. शेजारच्या बागेतला एक जण मोहोराच्या दिवसांत कलमांमधून माशांचा बाजार भरावा म्हणून मासळीचा कुटा मडक्यांत टांगतो. वास असह्य असतो. त्याची कणी चांगली धरते, हेही खरं.

हापूसला परक्या परागाची गरज असते म्हणून जुन्या लोकांनी बांधाला रायवळ आंबे ठेवले होते का? मला वाटतं, त्यांनी लोणच्याला आणि मुलांना खायला ठेवले होते. परागाचं काम आपोआप होत होतं. आता नव्या बागा ओळीत हापूस, दुसऱ्या ओळीतही हापूस. विद्यापीठ अधूनमधून दुसरी जात लावायला सांगतं. वेंगुर्ल्याहून निघालेला 'रत्ना', म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, त्यासाठी चांगला आहे. मी दोन बागांत लावून घेतला. एका मालकाने विचारलं, "याला पेटीला किती मिळतील?" मी म्हटलं, "काका, तो पेटीसाठी नाहीच." काका गप्प झाले. त्यांना पटलं नाही एवढं मला कळलं.

आता माकडं. आमच्याकडे दोन जाती. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर आणि लाल तोंडाची केलडी. वानर मुळात पानं खाणारा. मोहोर आणि कोवळी पालवी खातो, फांदीवरून फांदीवर उड्या मारताना शेंडे मोडतो, आणि त्या शेंड्याबरोबर पुढच्या वर्षीचा मोहोरही जातो. केलडी वेगळी. ती जमिनीवरूनही येते, घरातही शिरते, गालात साठवते, आणि आंबा सुपारीएवढा झाल्यापासून तोडायला लागते. एक चावा, आंबट लागला की खाली, दुसरा तोडला. काकी म्हणते, "खातत कमी, टाकतत जास्त." सकाळी कलमाखाली दात लागलेल्या कैऱ्यांचा सडा बघितला की कुणाचंही डोकं फिरेल, माझंही फिरतं.

बऱ्याच बागांत राखणीला नेपाळचे लोक असतात. आमच्या बागेतल्या राखणदाराला गाव गुरखा म्हणतं. तो मात्र मला ताई म्हणतो, आणि माझ्यापेक्षा चांगलं मालवणी बोलतो. दिवाळीनंतर बायको-मुलांसह येतो, कलमांमधल्या मांगरात राहतो आणि पाऊस लागला की गावी जातो. माकडांबद्दल मला जे कळतं ते बरंचसं त्याच्याकडून. फटाक्यांना ती पहिल्या आठवड्यात घाबरतात, दुसऱ्या आठवड्यात फक्त बाजूच्या कलमावर सरकतात. पाइपमध्ये कार्बाइड घालून बार काढायची बंदूक आणली, तिचंही तेच. बुजगावण्याला वाघाचं कातडं रंगवून बघितलं, तर एक पिल्लू त्याच्या डोक्यावर बसलेलं. टिकतो तो एकच उपाय: माणसाने उठून, त्यांच्या मागे, त्यांच्या दिशेने चालत जायचं, रोज. कुत्रा बरोबर असेल तर बरं. टोळीतला मोठा नर ज्या झाडावरून सगळ्यात आधी डोकावतो, ते झाड त्याला माहीत आहे, आणि तो उजाडायच्या आधी त्याच झाडाखाली जाऊन विडी ओढत बसतो. त्या सकाळी टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते.

दुसऱ्याच्या बागेत, हे महत्त्वाचं. कारण आमचं सगळ्यांचं माकड हाकलणं म्हणजे शेजाऱ्याकडे पाठवणं. सड्यावर पूर्वी करवंदाच्या जाळ्या होत्या, घळीत जांभूळ, रतांबे, वड-उंबर होते. त्यातलं बरंच जेसीबीने सपाट करून आम्ही कलमं लावली. मार्चमध्ये एवढ्या मैलांत खाण्याजोगं हिरवं काय आहे, हा प्रश्न माकडाने स्वतःला विचारला तर उत्तर एकच येईल. हे मी मालकांना सांगत नाही. त्यांना माकडाची बाजू ऐकायची नसते, आणि राखणीचा खर्च शेवटी त्यांच्याच खिशातून जातो, तेव्हा त्यांचंही चुकत नाही. बंदोबस्त व्हायला हवा असं मलाही वाटतं. फक्त राखणीवर जेवढं लक्ष आहे त्याच्या पाव लक्ष मोहोर झटकण्याच्या कागदावर असतं, तर वहीतला आकडा जास्त हलला असता.

वटवाघळांवर मात्र उगाच बालंट येतं. संध्याकाळी नदीकडून त्यांची रांग निघाली की मालकांच्या कपाळाला आठी. पण हापूस आम्ही चौदा आणे तयार झाला की काढतो, म्हणजे कच्चा, टणक. वटवाघूळ पिकल्या वासावर येतं. त्याच्या वाट्याला येतात झाडपिके, नजरेतून सुटलेले, आणि रायवळ. त्याचं खाणं आमच्या पेटीतून जवळजवळ जातच नाही. उलट काजूच्या दिवसांत ती बोंडू घेऊन उडतात, दूर एखाद्या झाडावर बसून रस चोखतात आणि बी खाली टाकतात. गावातली मुलं त्या झाडाखालच्या काजी गोळा करून विकतात. तरीही १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी गेली २०२२च्या दुरुस्तीत. बागांमधली यादी अजून तीच आहे.

ककणेराचं, म्हणजे धनेशाचं, थोडं सांगते. एका बागेच्या बांधाला एक म्हातारा रायवळ आहे, त्याच्या ढोलीत जोडी घरटं करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी आत बसून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला भरवतो. उंबर, वडाची फळं, कधी सरडा. तो उडत आला की पंखांचा आवाज खालच्या माणसालाही ऐकू येतो. जळाऊ लाकडाचा एक व्यापारी त्या झाडाचे पैसे द्यायला तयार होता. मी मालकाला ककणेराचं सांगितलंच नाही. म्हटलं, "काका, हा रायवळ गेला तर बाजूच्या ओळीला पराग कुठून येणार?" झाड राहिलं. कारणं दोन्ही खरी होती.

हुमले हा असाच एक प्रकार. लाल मुंगळे पानं एकमेकांना शिवून घरटी करतात. अळीच्या तोंडातून निघणारा धागा दोऱ्यासारखा वापरतात. तोडणीला चढलेल्या गड्याच्या मानेवर पडले की आंबे उतरवायची घळ हातातून सुटते. म्हणून पूर्वी तोडणीआधी घरटी जाळायची पद्धत होती. काकीने मला पहिल्याच वर्षी बजावलं, "हुमल्यांच्या वाटेक जाव नको." तिचा अर्थ चावण्यापुरता होता. पण हुमले असलेल्या कलमावर पानं खाणाऱ्या अळ्या कमी दिसतात, आणि माकडंही त्या फांद्या टाळतात असं राखणदार सांगतो. अगदीच साधू नाहीत ते. चिकटा सोडणाऱ्या किड्यांची राखणही हुमले करतात, कारण तो गोडवा त्यांना हवा असतो. तरी आता मी घरटी जाळू देत नाही. त्या कलमांची तोडणी शेवटी ठेवते, आणि चढणाऱ्याला मजुरी जास्त देते.

फळमाशीचं नाव मालकांनी ऐकलं ते पेपरात. २०१४च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, कारण पेट्यांत फळमाशीच्या अळ्या सापडल्या. २०१५च्या जानेवारीत बंदी उठवायचं ठरलं. त्याआधी जपानने १९८६ पासून २००६ पर्यंत आपला आंबा घेतला नव्हता, तोही याच माशीपायी. ती तयार फळाच्या सालीखाली अंडी घालते. टोचल्याची खूण सुईच्या टोकाएवढी, आणि अढीत घातल्यावर आत अळ्या वळवळतात. नुकसान दिसतं ते गिऱ्हाइकाला, ताटात. दापोलीने काढलेला रक्षक सापळा आम्ही लावतो: डब्यात मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला बोळा, त्या वासाला नर माशा येतात आणि आत मरतात. तुळशीतही ते द्रव्य असतं. पानं चुरगाळून ठेवली तरी नर माशा घोटाळतात. मे महिन्यातला डबा उघडून दाखवला की मालक खूश होतात, मूठभर मेलेल्या माशा म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे. पण सापळ्यात मरतात ते नर, आणि अंडी घालणारी मादी बाहेरच असते. खरा उपाय म्हणजे गळलेला प्रत्येक आंबा रोज उचलायचा आणि खोल खड्ड्यात पुरायचा, कारण त्यातली अळी मातीत शिरून कोष करते. हे काम कोणालाच आवडत नाही. सडका आंबा, त्यावर घोंघावणाऱ्या माशा, आणि मजुरीचा दर तोच. मी त्याला वेगळा दर लावला, मालकांनी वहीत तो खर्च बघून विचारलं, "हे काय, कचरा उचलायचे पैसे?"

पाऊस लागला की राखणदार गावी जातो, माकडं जंगलात परततात, फोन थांबतात. मालकांच्या दृष्टीने हंगाम संपला. माझा एक पाहुणा मात्र तेव्हाही उरतो, भिरुड. हा मोठा भुंगा सालीत अंडी घालतो, आणि त्याची बोटाएवढी पांढरी अळी खोडाच्या आत महिनोन्महिने पोखरत राहते. बाहेर दिसतो तो फक्त भुसा, बुंध्याशी पडलेला. लक्ष गेलं नाही तर एखाद्या जोराच्या वाऱ्यात चाळीस-पन्नास वर्षांचं कलम आडवं होतं, आणि सगळे वाऱ्याला नावं ठेवतात.

म्हणून जूनमध्ये छत्री आणि तार घेऊन मी आणि काकी कलम-कलम फिरतो. सायकलच्या स्पोकला पुढे आकडा करायचा, भोकात सरकवायचा आणि हाताला मऊ लागलं की हळूच फिरवून ओढायचं. अळी आली तर काकीच्या कोंबड्यांना. नाही आली तर औषधात भिजवलेला बोळा आत कोंबून वरून चिखल लिंपायचा, आणि आठ दिवसांनी परत येऊन बघायचं, भुसा पडतोय का.